कोयंडा कापलेली पेटी

मंगळवारी सकाळी सात वाजता तू गेलास. तुझ्या बायकोचा, नलूचा फोन आला. मी रोह्याहून एस.टी.नं पेणला आले. तू कॉटवर होतास. टेबलावर रेडिओ खोललेला होता आणि त्याचे स्क्रू बशीत होते. नलू म्हणाली, "उद्या जोडतो म्हणाले होते." मी बशीवर वाटी पालथी घातली.

दत्ता, मी हळू लिहिते हे तुला ठाऊक आहे. "तुझी एक ओळ होईस्तो माझी पंपाची अख्खी मोटार तारेनं गुंडाळून होते," असं तू म्हणायचास. तू गेल्याला दोन महिने होत आले. एवढ्या दिवसांत तू सगळ्या रोह्याचे पंप दुरुस्त केले असतेस. माझी ही चार पानं झाली.

तुझी शोकसभा आपल्याच रोह्याच्या शाळेच्या सभागृहात झाली. फरशी खराब होते म्हणून ज्या सभागृहात तुला मुलांना घेऊन बसू दिलं नाही, तिथंच. स्टेजवर तुझा फोटो असलेला भला मोठा फ्लेक्स होता. तुझ्या सदऱ्याच्या खिशाला जन्मभर ग्रीसचा जो डाग होता, तो त्यांनी कॉम्प्युटरवर पुसून टाकला होता. डाग गेल्यावर तू एखाद्या पतसंस्थेचा संचालक दिसत होतास.

एकामागून एक माणसं बोलली. कोणी तुला दीपस्तंभ केलं, कोणी वटवृक्ष. तुझा एकही प्रयोग त्यातल्या एकालाही सांगता आला नसता. मोठे सर तर बोलताना दोनदा थांबले आणि रुमालानं डोळे टिपले. आपले त्या वेळचे मुख्याध्यापक, आता संस्थेचे कार्यवाह. "दत्ता सरांनी मुलांच्या हातात विज्ञान दिलं," म्हणाले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. याच माणसानं तुला लेखी नोटीस दिली होती, "शालेय साहित्याची हेतुपुरस्सर मोडतोड" केल्याबद्दल. वर्गातल्या साठ मुलांच्या हातून मिळून तीन चंचुपात्रं फुटली होती. ती नोटीस तू चौघडी घालून नरसाळ्यात बसवलीस आणि सहावीच्या मुलांसमोर तिच्यातून कुंडलिका नदीचं गढूळ पाणी गाळलंस. मग शाळेचं वाचनालय मी सांभाळायचे तिथं येऊन मला ओला कागद दाखवलास. "कागद बरा हाय गो. शाई तेवढी उतरते."

तेव्हा मी हसले होते. शोकसभेत मला हसू आलं नाही. एखाद्या माणसाला तो जिवंत असेपर्यंत हात बांधून ठेवायचं आणि मेल्यावर त्याच्या हातांचे गोडवे गायचे, याला काय म्हणायचं? माझ्याकडे शब्द पुष्कळ आहेत, आयुष्यभर त्यांच्यातच बसले. पण या लोकांवर चांगला शब्द खर्च करावा असं वाटत नाही.

त्यांचं विज्ञान कुठं राहत होतं ते आपण दोघांनी पाहिलं आहे. काचेच्या कपाटात. किल्ली मोठ्या सरांच्या ड्रॉवरमध्ये. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते कपाट उघडायचं. तराजू, भिंगं, लोहचुंबक, सगळं टेबलावर मांडून त्याला हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे, नारळ फोडायचे. पेढा खाऊन झाला की पुन्हा कुलूप. एका वर्षी कुणीतरी भक्तिभावानं तराजूच्या दांडीवरच चिमूटभर कुंकू सोडलं आणि ते नेमकं सुरीच्या धारेसारख्या त्या टेकूत जाऊन बसलं. तेव्हापासून तो तराजू डावीकडे झुकतो. तू टाचणीनं, ब्रशानं, रॉकेलानं साफ केलास, तरी झुकतोच. मोठे सर म्हणाले, "असू दे हो. तसाही वापरतो कोण?"

पूजेला तुझी हरकत नव्हती. अण्णांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यातही त्या दिवशी कोरण्या, ब्रश आणि साचे धुऊन पाटावर मांडलेले असायचे. पण त्या कोरण्यांच्या मुठी हातांनी झिजलेल्या असत, आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन आटोपलं की तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा शाडूत. तू मला म्हणाला होतास, "आपल्याकडं जी वस्तू राबते तिची पूजा. ह्यांच्याकडं पूजा झाली की वस्तूला पेन्शन."

अण्णांचा तो कारखाना पेणला, आमच्या लहानपणच्या घराच्या मागच्या आळीत होता. मी तिथं वाचायला यायचे, कारण आमच्या घरात गोंगाट आणि तुमच्याकडे शाडू मळणाऱ्या माणसांचा एकसुरी थाप-थाप आवाज. तू अण्णांचं गजराचं घड्याळ खोललं होतंस ते मला पक्कं आठवतं. त्याची दातेरी चाकं काढून तू शाडूच्या उंदराला लावलीस. किल्ली दिली की उंदीर मान खाली घालायचा आणि मोदकाला तोंड लावायचा. अण्णांनी आधी तुझ्या कानाखाली वाजवली. मग उकिडवे बसून उंदराकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याचं शेपूट पन हलंल काय रे?"

साच्यातून मूर्ती काढताना कधी कान तुटायचा, कधी सोंड वाकायची. हातून असं झालं की नवा कारागीर घाबरून ती मूर्ती पोत्याखाली सरकवून ठेवायचा. अण्णांना ते अजिबात खपत नसे. "मोडली ना? हौदात टाक. भिजंल, परत माती होईल. पोत्याखाली ठेवलीस तर तिथंच सुकंल नि दगड होईल." पुढं तू शिक्षक झालास तेव्हा प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी तू एवढंच सांगायचास: मोडलं तर चालेल, लपवलं तर नाही. लोकांना ते तुझं शैक्षणिक तत्त्वज्ञान वाटलं. शोकसभेत एका वक्त्यानं तर त्याचा संबंध कुठल्याशा परदेशी शिक्षणतज्ज्ञाशी जोडला. अण्णांच्या हौदातल्या शाडूचं नाव कोणी घेतलं नाही, कारण तो हौद त्यांनी पाहिलेलाच नाही.

आता तुझ्याबद्दलही बोलते. मेलास म्हणून सोडणार नाही.

तू मुलांना सांगायचास, "मला कोणी शिकवलं नाय. मी मोडून शिकलो." हे खोटं आहे, दत्ता. आठवीत असताना विजेवरचं एक जुनं पुस्तक मी वाचनालयातून आणलं होतं. पुठ्ठा गेलेलं, मधली काही पानं वाळवीनं खाल्लेली. तुला दोन ओळींच्या पुढं वाचवत नसे, तू लगेच चुळबुळ करायचास. म्हणून मी शाडूच्या पोत्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि तू समोर खिळ्याला तार गुंडाळायचास. "थांब, थांब. परत वाच. कुठलं टोक कुठं?" असं तू दहादा विचारायचास. ती विजेची घंटा वाजली तेव्हा अख्खी आळी जमा झाली. अण्णांनी तुझी पाठ थोपटली. मला तुझ्या आईनं पोह्याचा लाडू दिला आणि म्हणाली, "जा गो आता घरी, आई वाट बघंल." त्या घंटेतलं निम्मं माझं होतं. पन्नास वर्षं तू ती घंटा वर्गावर्गात वाजवलीस आणि एकदाही ते बोलला नाहीस. उलट मला "पुस्तकी" म्हणून चिडवत राहिलास. "वाचून कोणाला पोहता आलंय काय गो?" हे तर तू माझ्याच वाचनालयात, माझ्याच टेबलावर पाय सोडून बसून विचारायचास. त्यावर मी कधी उत्तर दिलं नाही. मला उत्तर सुचतं ते माणूस निघून गेल्यावर. आताही तसंच झालं आहे.

पण मी गप्प बसले त्याचं खरं कारण दुसरं होतं. ती पुस्तिका.

दर श्रावणात तू रजा टाकून पेणला जायचास. आखणीचे दिवस. अण्णांचा हात कापायला लागल्यापासून मूर्तींचे डोळे तूच आखायचास. त्या तीन आठवड्यांत शाळेतले प्रयोग बंद पडत. तू येईपर्यंत वर्गात नुसता फळा आणि खडू. मला वाटलं, तुझे प्रयोग लिहून काढले तर तुझ्यामागं कोणीही ते घेऊ शकेल. तुला न विचारता मी तीस पानं लिहिली. प्रत्येक प्रयोगाला साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. शाळेच्या सायक्लोस्टाईलवर प्रती काढल्या. माझी भाषा नीटनेटकी होती, मला तिचा अभिमानही वाटला. मोठ्या सरांना ती पुस्तिका फार आवडली. का आवडली हे मला उशिरा कळलं. ती हातात असल्यावर कपाट उघडायची गरजच उरत नव्हती.

त्या श्रावणात प्रयोग क्रमांक सहा झाला: सेल, तार, छोटा दिवा. तुझ्या जागी आलेल्या सरांनी वर्गात पुस्तिका वाचून दाखवली, सेल-दिवे वाटले, मुलांनी वह्या लिहिल्या. गणपती झाल्यावर तू परत आलास, वह्या तपासायला घेतल्यास आणि सेल हातात घेऊन बघितलेस. पावसाच्या दमटपणानं खोक्यातले सगळे सेल फुगून गळले होते. एकातही जीव नव्हता.

तू वह्यांचा गठ्ठा घेऊन वाचनालयात आलास आणि माझ्या टेबलावर ठेवलास. आपटला नाहीस.

"बघ गो पुस्तकी. एकेचाळीस वह्या. चाळिसांत दिवा लागलाय."

मी वह्या उघडून पाहत गेले. "निरीक्षण: दिवा लागला. अनुमान: विद्युतमंडल पूर्ण झाले असता प्रवाह वाहतो." माझी वाक्यं, माझा स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

"एकीचा नाय लागला," असं म्हणून तू सर्वांत खालची वही वर काढलीस. नदीपलीकडच्या अष्टमी गावच्या शबानाची. तिचे वडील पंपाच्या मोटारी गुंडाळायचे. तिनं लिहिलं होतं: दिवा लागला नाही. सेल वल्ला होऊन मेलाय, सर. खाली लाल शाईनं शून्य होतं, आणि शेरा: पुस्तिका नीट वाचावी.

तू त्या दिवशी मला एक शब्दही वाकडा बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. त्यानंतर वर्षभर तू वाचनालयात आला नाहीस, आणि पुढं आलास तेव्हा पुस्तिकेचा विषय काढला नाहीस. मीही माफी मागितली नाही. मोठ्या सरांची मला शिसारी येते खरी, पण त्यांनी फक्त कपाटाला कुलूप घातलं. मी तर चाळीस मुलांच्या डोळ्यांना घातलं. तेही उत्तम मराठीत.

त्याच सुमारास तू घरची जुनी पत्र्याची पेटी शाळेत आणलीस. तिच्यात तुझं स्वतःचं सामान: सायकलचे डायनॅमो, घड्याळाची चाकं, फ्यूज उडालेले दिवे, दोन भिंगं, शाळेनं भंगारात काढलेला तो झुकणारा तराजू. पहिल्याच दिवशी करवतीनं पेटीचा कोयंडा कापलास, म्हणजे कोणाला इच्छा झाली तरी कुलूप लावता येऊ नये. निवृत्त झाल्यावर ती पेटी पेणला घेऊन गेलास आणि दर रविवारी एस.टी.च्या मागच्या बाकावर ठेवून गावोगावी हिंडलास. कंडक्टर विचारायचे, "काय मास्तर, आज कुठं जादूचा खेळ?" तू म्हणायचास, "जादू नाय बाबा. जादूगार कसं केलं ते दाखवत नाय, मी दाखवतो."

तर आता ती पेटी. सगळं येऊन तिच्यावरच थांबलं आहे.

मोठे सर तेराव्याला पेणला आले होते. पंगतीतून उठता उठता त्यांनी नलूकडे ती पेटी मागितली. शाळेत तुझा स्मृतिकक्ष करायचा आहे. काचेचं कपाट, आत पेटी, तुझा चष्मा, तुझं प्रशस्तिपत्र. नलू त्या दिवशी कोणाला नाही म्हणण्याच्या अवस्थेत नव्हती. मला त्यांनी फलकावरच्या "दोन भावपूर्ण ओळी" लिहायला सांगितल्या. मी मान डोलावली. आयुष्यभर मी जे करत आले तेच.

चार दिवसांनी शबानाचा फोन आला. वडिलांमागं आता तीच दुकान चालवते. पुलापलीकडे, मिक्सर, पंखे, पंपाच्या मोटारी.

"बाई, दुकानात याल काय? शाळेचा शिपाई सरांची पेटी टाकून गेलाय."

"दुकानात? कशाला?"

"कोयंडा बसवायला. कार्यवाहांनी कुलूप पण पाठवलंय, नवीन. सोमवारपर्यंत पायजे म्हणे." मग म्हणाली, "मी नाय बसवणार. पण मी नाय बसवला तर ते दुसऱ्याकडनं बसवतील."

मी पूल ओलांडून गेले. पेटी दुकानाच्या फळीवर होती. दोघींनी मिळून ती उघडली. शबाना एकेक वस्तू बाहेर काढत होती, जिवंत आहे का मेली ते बघत होती. तळाशी, भिंगं गुंडाळलेल्या फडक्याखाली, माझी पुस्तिका निघाली. पानं तेलकट, कोपरे दुमडलेले. मला वाटलं, पुरावा म्हणून ठेवली असशील.

मी पानं उलटली. प्रत्येक प्रयोगातलं निरीक्षण तू काळ्या शाईनं खोडलं होतंस. अनुमानही. तीसच्या तीस पानांवर. साहित्य आणि कृती तेवढी ठेवली होतीस, एक शब्दही न बदलता. आणि पहिल्या पानावर, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात: "हे एकानं मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं करायचं. मग बदली."

मी शाडूच्या पोत्यावर बसून वाचायचे आणि तू तार गुंडाळायचास, ते तू विसरला नव्हतास. इतकी वर्षं गावोगावच्या मुलांना तू तसंच बसवत होतास, माझ्याच पुस्तिकेवर. मला मात्र कळू दिलं नाहीस. मूर्खा, एकदा सांगायला काय झालं होतं? नोटीस दाखवायला धावत आलास, ही पुस्तिका दाखवायला तुझे पाय मोडले होते का? मोडलं तर चालेल, लपवलं तर नाही, हे तूच ना सांगायचास? मग ही पुस्तिका कोणत्या पोत्याखाली ठेवली होतीस? आणि मी तरी काय केलं. माझी माफी मीही सुकू दिली.

शबानानं स्टुलावर बसवून मला चहा दिला आणि माझं आवरेपर्यंत एका पंख्याचं बेअरिंग बदलत राहिली. मग म्हणाली, "बाई, काय करायचं आता?"

मी तिथूनच नलूला फोन लावला. सगळं सांगितलं. तिनं कुलुपाचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "त्यांनी पेटी मागितली होती. मी पेटी दिली. सामान देते असं कुठं म्हटलंय मी?" आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली.

सामान शबानाच्या दुकानात राहिलं. रिकामी पेटी हलकी लागली असती, शिपायाला संशय आला असता. माझ्या माळ्यावर पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. त्या मी आणल्या आणि पेटीत भरल्या. वजन बरोबर जुळलं. शबानानं कोयंडा बसवला, पक्का, चार रिव्हेटचा. कुलूप मी लावलं आणि किल्ली शिपायाच्या हातात दिली. फलकासाठी मी दोन ओळी दिल्या नाहीत. "सरांची पेटी" एवढंच लिहिलं, खोटं लिहायचं नव्हतं म्हणून. मोठे सर म्हणाले, फारच त्रोटक झालं. मग त्यांनी स्वतःच त्याखाली दीपस्तंभ घातला.

स्मृतिकक्षाचं उद्घाटन झालं. पेटीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. आत काय आहे हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिथल्या तिथं सांगून टाकणार होते. खरंच सांगणार होते, मी त्यासाठी पुढच्या रांगेत बसले होते. पण ज्यांनी तू असताना कपाट उघडलं नाही, ते तू गेल्यावर पेटी कशाला उघडतील?

आता रविवारी सकाळी शबानाच्या दुकानात सात-आठ मुलं येतात, अष्टमीची आणि रोह्याची. दोघं दोघं बसतात. एक वाचतो, दुसरा करतो, मग बदली. तुझी खोडलेली पुस्तिका खिळ्याला टांगलेली असते. वाचताना कोणी अडलं तर मला विचारतात. नलूनं तुझा रेडिओ आणि स्क्रूची बशी पाठवली आहे, तो अजून कोणाला जोडता आलेला नाही. तराजू डावीकडेच झुकतो. भिंगं दोन होती, आता एक आहे. दुसरं गेल्या रविवारी एका मुलीच्या हातून फुटलं. तिनं लगेच येऊन सांगितलं.